मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बीण तपासणी : गुणवत्ता कशावर ठरते

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या एका लहानशा गाठीपासून सुरू होतो. या गाठीला पॉलिप म्हणतात. त्यातला अॅडेनोमा हा प्रकार कर्करोगाकडे वळू शकतो, पण त्याला साधारण दहा वर्षे लागतात. एवढ्या काळात गाठ शोधून काढून टाकली, तर होऊ घातलेला कर्करोग टळतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी कोलोनोस्कोप या आतड्याच्या दुर्बिणीतून तारेचा फास सरकवून पॉलिप कापून काढला आणि पोट न उघडता ही गाठ काढण्याचा मार्ग खुला झाला. १९९३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाने दाखवले की, सापडलेले सर्व अॅडेनोमा काढून टाकलेल्या रुग्णांमध्ये कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी राहिले.

कोलोनोस्कोपीवरचा, म्हणजे या दुर्बीण तपासणीवरचा विश्वास अशा अभ्यासांतून उभा राहिला. मात्र रक्ताच्या तपासणीत यंत्र जसा आकडा देते तसे इथे होत नाही. दुर्बीण कोणाच्या हातात आहे, आतडे किती साफ आहे, पाहायला किती वेळ दिला, यावर निकाल बदलतो. तपासणीत काही राहून गेले तर रुग्णाला ‘सर्व ठीक’ असा अहवाल मिळतो, तो निर्धास्त होतो आणि पुढची काही वर्षे पोटाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करतो. म्हणून निकृष्ट तपासणी अजिबात न झालेल्या तपासणीपेक्षाही घातक ठरू शकते. ‘सर्व ठीक’ या शब्दांवर कितपत भरवसा ठेवता येतो, हाच या तपासणीच्या गुणवत्तेचा अर्थ आहे.

भारतातील आणि महाराष्ट्रातील स्थिती

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावतात. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरेच कमी, म्हणजे दर लाखामागे एक आकडी आहे. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी तपासणी, म्हणजे लक्षणे नसलेल्या लोकांची तपासणी, ठरवली गेली. मोठे आतडे त्या यादीत नाही.

रुग्ण कमी असले तरी ते तरुण आहेत आणि उशिरा येतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात एका वर्षात आलेल्या ८०० नव्या रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः साठीनंतरचा मानला जातो. आपल्याकडे शौचावाटे रक्त गेले की ते मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने मलम, चूर्ण आणि घरगुती उपाय चालतात. रक्त पडणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण नसताना घटलेले वजन किंवा रक्तक्षय असेल तर वय कमी असले तरी दुर्बीण तपासणी टाळू नये.

संपूर्ण लोकसंख्येची तपासणी होत नसली तरी काही जणांसाठी ती आवश्यक आहे. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीपासून, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असलेल्या घराण्यात ती विशीतच सुरू होते आणि दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. अशा कुटुंबांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा याच तपासणीला सामोरे जावे लागते, त्यामुळे तिच्या गुणवत्तेचा परिणामही सर्वाधिक त्यांच्यावरच होतो.

आतडे साफ असणे

तपासणीच्या गुणवत्तेची सुरुवात रुग्णाच्या घरात होते. आतड्यात मळ राहिला तर त्याखालची गाठ कितीही अनुभवी नजरेला दिसत नाही. स्वच्छता मोजण्यासाठी बोस्टन मापन वापरतात. आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाला प्रत्येकी ० ते ३ गुण दिले जातात. एकूण ९ पैकी किमान ६, आणि प्रत्येक भागाला किमान २ गुण मिळाले तरच तयारी पुरेशी समजतात. चांगल्या केंद्रात किमान ९० टक्के रुग्णांची तयारी पुरेशी असावी, अशी अपेक्षा असते.

यात सर्वांत मोठा फरक आतडे साफ करणारे औषध घेण्याच्या वेळेने पडतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण सगळे आदल्या रात्री न पिता अर्धे रात्री प्यावे, उरलेले अर्धे तपासणीच्या दिवशी चार ते सहा तास आधी सुरू करावे, आणि किमान दोन तास आधी संपवावे. रात्रीच सगळे औषध संपवले तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून उतरलेला पित्तमिश्रित चिकट द्रव उजव्या भागावर पसरतो, आणि सपाट गाठी नेमक्या त्याच भागात जास्त असतात.

आदल्या दिवशीच्या जेवणाच्या सूचना इथल्या ताटाला धरून द्यायला हव्यात. ‘हलका आहार घ्या’ एवढ्याने काम भागत नाही. नाचणी-ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, तीळ-जवसाची चटणी, पेरू, काकडी, टोमॅटो हे सर्व वर्ज्य. मऊ पांढरा भात आणि वरणाचे गाळलेले पाणी चालते. ‘उपाशी राहा’ असे सांगितले तर अनेक घरांत त्याचा अर्थ उपवास असा घेतला जातो, आणि दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पोटात जाते. तीही चालत नाही. त्यानंतर फक्त पारदर्शक द्रव घ्यावेत, जसे शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकणात पोटासाठी चांगले म्हणून कोकम सरबत किंवा सोलकढी हमखास दिली जाते, पण लाल रंगाचे पेय आतड्यात रक्तासारखे दिसते, म्हणून तेही टाळायचे. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, त्यामुळे त्या पाच-सात दिवस आधी थांबवतात. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधे कधी थांबवायची, मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणते रेचक टाळायचे, हे प्रत्येक रुग्णाला वेगळे आणि लेखी सांगावे लागते.

या तयारीत अंतराचाही वाटा आहे. महाड, माणगाव, रत्नागिरीकडून मुंबईच्या रुग्णालयांत रस्त्याने येणारे बरेच रुग्ण लांबून प्रवास करतात. सकाळी नऊची वेळ मिळालेल्या रुग्णाने पहाटे औषधाचा दुसरा भाग घ्यावा, हे पुस्तकात ठीक आहे. पण औषध पोटात गेल्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी शौचाला जावे लागते, आणि त्याच वेळी तो एसटीत किंवा जीपमध्ये बसलेला असतो. पनवेलहून लोकलने मुंबईत परळच्या रुग्णालयात जाणाऱ्याची अडचणही तशीच, कारण मुंबईच्या लोकल गाड्यांत शौचालय नसते. असे रुग्ण मग दुसरा भाग घेतच नाहीत, किंवा अर्धाच पितात. दूरच्या रुग्णाला दुपारची वेळ देणे, औषधाचा दुसरा भाग रुग्णालयातच पाजणे, किंवा आदल्या रात्री मुक्कामाची सोय करणे हे साधे उपाय आहेत. महागड्या यंत्रापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो. तयारी अपुरी निघाली तर एका वर्षाच्या आत तपासणी पुन्हा करावी असा नियम आहे. गावाकडे परतलेला रुग्ण दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते, म्हणून पहिल्याच वेळी काळजी घेतलेली बरी.

टोकापर्यंत पोहोचणे

दुर्बीण गुदद्वारातून आत जाते आणि मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत जायला हवी. तिथे पोहोचल्याचा पुरावा म्हणून अपेंडिक्सचे तोंड आणि लहान आतड्याची झडप यांची छायाचित्रे काढून ठेवतात. सर्वसाधारण तपासण्यांत ९० टक्के आणि चाळणी तपासणीत ९५ टक्के वेळा सीकम गाठले जावे, असे मानक दीर्घकाळ प्रचलित आहे.

हे मानक आपोआप पाळले जात नाही, याचा धडा ब्रिटनने घेतला. तिथल्या तीन विभागांतील ९,२२३ कोलोनोस्कोपींची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. काटेकोर निकष लावल्यावर सीकम खात्रीने गाठल्याचे प्रमाण अवघे ५६.९ टक्के निघाले. पहिल्या शंभर तपासण्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर केवळ १७ टक्के होते. त्यानंतर प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली, केंद्रांची मान्यता गुणवत्तेच्या पडताळणीशी जोडली गेली आणि २००६ पासून इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चाळणी मोहिमेत परीक्षा देऊन पात्र ठरलेल्या डॉक्टरांनाच काम दिले गेले. पुढे २०११ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत हेच प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले होते. आजार तोच आणि दुर्बीणही साधारण तशीच होती. बदल घडला तो शिकवण्यात आणि मोजण्यात.

बाहेर येतानाची नजर

आत जाताना दुर्बीण वाट काढते, गाठी शोधण्याचे खरे काम बाहेर येताना होते. मोठ्या आतड्याच्या भिंतीला घड्या असतात, आणि प्रत्येक घडीची मागची बाजू मुद्दाम वळून पाहावी लागते. साचलेला द्रव शोषून घ्यावा लागतो, आतडे पुरेसे फुगवावे लागते, गरजेप्रमाणे रुग्णाला कुशीवरून पाठीवर वळवावे लागते. उजव्या भागाकडे दुसऱ्यांदा जाऊन पाहिले तर पहिल्या फेरीत निसटलेल्या गाठी सापडतात.

या कामाला वेळ लागतो. अमेरिकेतील १२ डॉक्टरांच्या कामाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर येण्यास सरासरी ६ मिनिटे किंवा अधिक वेळ घेणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत अॅडेनोमा सापडले, तर त्याहून कमी वेळ घेणाऱ्यांना ११.८ टक्के रुग्णांत. तेव्हापासून ६ मिनिटे ही किमान मर्यादा ठरली. २०२४ च्या अमेरिकी शिफारशींनी ती सरासरी ८ मिनिटांवर नेली आहे. गाठ कापायला किंवा बायोप्सी घ्यायला लागलेला वेळ यात धरत नाहीत. अर्थात घड्याळाकडे पाहत मिनिटे भरून काढल्याने गाठी सापडत नाहीत, त्या प्रत्येक घडी उलगडून पाहिल्याने सापडतात.

काळजीपूर्वक पाहूनही काही सुटतेच. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, पहिल्या फेरीत सुमारे चौथा हिस्सा अॅडेनोमा नजरेतून निसटतात. त्यातल्या बऱ्याच गाठी लहान असतात, पण धोकादायक ठरू शकणाऱ्या प्रगत गाठीही सुमारे ९ टक्के सुटतात. उजव्या भागातले सपाट, फिकट, चिकट द्रवाने झाकलेले दातेरी पॉलिप सर्वाधिक फसवे असतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या २००९ मधील अभ्यासात कोलोनोस्कोपीमुळे डाव्या बाजूच्या कर्करोगाने होणारे मृत्यू बरेच कमी झाले, उजव्या बाजूचे मात्र जवळजवळ कमी झाले नाहीत. अपुरी साफसफाई, अपुरी पोहोच आणि घाई या तिन्हींचा परिणाम तिथे एकवटतो.

डॉक्टरचा थकवाही यात येतो. दिवसभर सलग तपासण्या करणाऱ्यांना दुपारनंतर कमी गाठी सापडतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. अर्ध्या दिवसाची यादी किंवा मधली विश्रांती हा त्यावरचा उपाय. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयांत यादी आखणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

अॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण

चाळणीसाठी आलेल्या शंभर जणांपैकी किती जणांत डॉक्टरला किमान एक अॅडेनोमा सापडतो, या प्रमाणाला एडीआर म्हणतात. गुणवत्तेचा हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, कारण तो थेट रुग्णाच्या भवितव्याशी जोडलेला असल्याचे सिद्ध झाले आहे. पोलंडमधील ४५,०२६ जणांच्या आणि १८६ डॉक्टरांच्या अभ्यासात (२०१०) दिसले की, ज्यांचा एडीआर २० टक्क्यांहून कमी होता त्यांनी तपासलेल्या लोकांना पुढच्या तपासणीआधीच कर्करोग होण्याचा धोका दहापटीहून अधिक होता. उत्तर कॅलिफोर्नियात १३६ डॉक्टरांनी केलेल्या ३,१४,८७२ तपासण्यांच्या अभ्यासात (२०१४) डॉक्टरांचा एडीआर ७.४ पासून ५२.५ टक्क्यांपर्यंत पसरलेला आढळला. एडीआर एका टक्क्याने वाढला की असा मधल्या काळातला कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी घटत होता. एकाच व्यवस्थेतल्या डॉक्टरांमध्ये एवढी तफावत असेल, तर तपासणी कोण करतो हे रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते.

एडीआर हा जन्मजात गुण नाही. पोलंडमध्येच पुढे दिसले की, डॉक्टरांना त्यांचा आकडा नियमित कळवला आणि प्रशिक्षण दिले तर तो वाढतो, आणि ज्यांचा वाढला त्यांच्या रुग्णांत नंतरचे कर्करोगही घटले.

भारतात हे मानक जसेच्या तसे लावता येत नाही. २०१५ मधील २५ टक्के आणि २०२४ मधील ३५ टक्के ही अमेरिकेची उद्दिष्टे तिथल्या लोकसंख्येवर बेतलेली आहेत. भारतीयांत अॅडेनोमा मुळातच कमी आढळतात, आणि इथल्या बहुतेक कोलोनोस्कोपी तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांच्या असतात. त्यांच्यात आतड्याचा क्षय, अमिबाचे व्रण, अल्सरेटिव्ह कोलायटिस हेही सापडतात, आणि क्षयाची गाठ कर्करोगासारखी दिसू शकते. म्हणून योग्य जागेवरून पुरेशा बायोप्सी घेणे हा आपल्याकडे गुणवत्तेचा वेगळा निकष ठरतो. इथल्या केंद्रांनी आपापले आकडे जमवले तरच इथला योग्य एडीआर ठरवता येईल. सीकम गाठण्याचे प्रमाण, बोस्टन गुण आणि बाहेर येण्याचा वेळ यांना मात्र देशाची सीमा नाही. ते आजपासून मोजता येतात.

गाठ पूर्ण काढणे

सापडलेली गाठ अर्धवट राहिली तर शोधण्याचे श्रम वाया जातात. २०१३ च्या एका अभ्यासात, ५ ते २० मिलिमीटरच्या गाठी ‘पूर्ण काढल्या’ असे वाटल्यानंतर कडेचे नमुने घेतले, तेव्हा सुमारे १० टक्के गाठींचा अंश शिल्लक होता. दातेरी पॉलिपमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. लहान गाठी चिमट्याने तोडण्यापेक्षा थंड फासाने, कडेच्या थोड्या निरोगी अस्तरासह कापणे ही आज ९ मिलिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी मान्य पद्धत आहे. वीज वापरावी लागत नसल्याने उशिरा होणारा रक्तस्राव आणि छिद्र पडण्याचा धोकाही कमी राहतो. मोठी, पसरट गाठ दिसली आणि ती काढण्याचा अनुभव नसेल, तर तिचे लचके न तोडता रुग्णाला अनुभवी केंद्राकडे पाठवणे हेच कौशल्याचे लक्षण आहे. अर्धवट तोडलेल्या गाठीखाली व्रण भरून घट्ट होतो आणि पुढचे काम अवघड होते.

सुरक्षितता आणि स्वच्छता

चाळणी तपासणी निरोगी माणसाची होते, म्हणून तिच्यात इजेला फार थोडी जागा आहे. आतड्याला छिद्र पडण्याचे प्रमाण हजारात एकाहून कमी, आणि गाठ काढल्यावरचा रक्तस्राव एक टक्क्याहून कमी असावा. भूल देताना रक्तातील ऑक्सिजन आणि रक्तदाब सतत पाहावा लागतो. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडने आतडे फुगवले तर तो वायू लवकर शोषला जातो आणि नंतरची पोटदुखी कमी होते.

दुर्बिणीची स्वच्छता रुग्णाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर अधिक लक्ष हवे. तपासणी संपताच नळीतून द्रावण सोडणे, गळती तपासणे, प्रत्येक मार्ग ब्रशने घासणे, मग ठरलेला वेळ जंतुनाशकात बुडवणे, धुणे, वाळवणे आणि उभी टांगून ठेवणे असा क्रम आहे. घासणे राहिले तर जंतुनाशक आतल्या थरापर्यंत पोहोचत नाही, आणि ओल राहिली तर रात्रीतून जंतू वाढतात. यादी लांबली आणि दुर्बिणी कमी असल्या की पहिली काटछाट इथेच होते. त्यामुळे दिवसाला किती तपासण्या करायच्या हे हातातल्या दुर्बिणी आणि त्या धुणारे प्रशिक्षित कर्मचारी पाहून ठरवायला हवे.

अहवाल आणि पुढची तारीख

चांगल्या अहवालात तपासणीचे कारण, स्वच्छतेचे गुण, सीकमची छायाचित्रे, बाहेर येण्याचा वेळ, प्रत्येक गाठीची जागा, आकार आणि काढण्याची पद्धत हे सर्व असते. सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल आल्यावर पुढची तारीख ठरते. तयारी चांगली असून काहीच सापडले नाही, तर सर्वसाधारण धोक्याच्या व्यक्तीला दहा वर्षे तपासणी लागत नाही. एक-दोन लहान अॅडेनोमा असतील तर ७ ते १० वर्षांनी, आणि १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर ३ वर्षांनी, अशी २०२० ची अमेरिकी शिफारस आहे. गरज नसताना दरवर्षी बोलावणे हीसुद्धा गुणवत्तेतली उणीवच, कारण त्यात रुग्णाचा पैसा जातो आणि खऱ्या गरजवंताची वेळ अडते.

यंत्राची मदत

पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आता वापरात आली आहे. इटलीतील २०२० च्या चाचणीत तिच्यामुळे अॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले. मात्र २०२५ मध्ये पोलंडमधून आलेल्या निरीक्षणानुसार, या प्रणालीची सवय झालेल्या डॉक्टरांनी तिच्याविना तपासणी केली तेव्हा त्यांचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर उतरलेले दिसले. शिवाय कॅमेऱ्यासमोर न आलेली घडी आणि मळाखालची गाठ यंत्रालाही दिसत नाही.

व्यवस्थेची जबाबदारी

सर्वांची थेट कोलोनोस्कोपी करणे श्रीमंत देशांनाही जड जाते. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील २०२२ च्या मोठ्या चाचणीत बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक तपासणीला आले, आणि बोलावलेल्या पूर्ण गटात दहा वर्षांत कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी घटला. न येणाऱ्यांना तपासणीचा लाभ मिळत नाही, म्हणून लोकांचा प्रतिसाद हाही गुणवत्तेचाच भाग आहे. अनेक देश आधी मळातील सूक्ष्म रक्ताची ‘फिट’ चाचणी करतात आणि ती सकारात्मक आली तरच दुर्बीण तपासणी करतात. या मार्गाचेही नियम आहेत. उष्णतेने नमुन्यातले हिमोग्लोबिन विघटित होते आणि खरा रुग्ण निसटू शकतो, तेव्हा कोकणातल्या उन्हाळ्यात नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागेल. चाचणी सकारात्मक आल्यावर दुर्बीण तपासणीला दहा महिन्यांहून अधिक उशीर झाला तर पुढे गेलेला कर्करोग सापडण्याचे प्रमाण वाढते, असे २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात आढळले. म्हणजे दुर्बिणीची सोय नसताना नुसते फिटचे संच वाटणे व्यर्थ आहे.

काटेकोर चाळणी मोहीम महाराष्ट्राला अपरिचित नाही. टाटा मेमोरिअलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्यांच्या कामाची तज्ज्ञांकडून नियमित पडताळणी होत होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्या यशामागे प्रशिक्षण, पडताळणी आणि नोंद होती, आणि आतड्याच्या तपासणीलाही हीच तिन्ही लागतात.

सुरुवात प्रत्येक केंद्राला स्वतःपासून करता येते. प्रत्येक तपासणीची बोस्टन गुण, सीकम, वेळ आणि सापडलेल्या गाठी यांसह नोंद ठेवावी, आणि दर वर्षी प्रत्येक डॉक्टरला त्याचे आकडे दाखवावेत. ज्याचे आकडे कमी असतील त्याला प्रशिक्षण द्यावे. तपासणीनंतर ६ ते ३६ महिन्यांत कर्करोग निघालेल्या प्रत्येक रुग्णाचा जुना अहवाल आणि छायाचित्रे काढून चूक नेमकी तयारीत, पोहोचण्यात, पाहण्यात की गाठ काढण्यात झाली हे तपासावे. रुग्णानेही आपला अहवाल हातात आल्यावर आतडे किती साफ होते, दुर्बीण सीकमपर्यंत गेली का आणि पुढची तपासणी कधी, हे तीन प्रश्न विचारावेत. ते विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या केंद्राकडे तिन्हींची उत्तरे लेखी तयार असतात.